तळ्यापलीकडच्या कीर्तनाला निघालेली सायकल

मी एक जुनी, काळी, उंच सायकल आहे, मित्रांनो. लोखंडी सळ्यांचे ब्रेक, मागे रुंद कॅरियर, आणि स्टँड कधीचा मोडलेला. रस्त्यावर मी इतकी धावले की त्यातले वेगळे काढून सांगण्यासारखे फार नाही. नावेत मात्र मी एकदाच बसले. ते सांगते.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मालगाडीने मी बंगळूरच्या यशवंतपूर स्टेशनात उतरले आणि तिथल्याच एका दुकानात उलटी टांगून राहिले. एका रविवारी उमाकांत नावाचा तरुण आला. तो मिरजेहून बंगळूरला नुकताच आलेला, सरकारी कारखान्यात नवा इंजिनियर. त्याने माझी चाके फिरवून पाहिली, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाला, "हीच द्या." मला तो बरा वाटला. माणसे सहसा रंग पाहतात.

पुढची वीस वर्षे मी त्याला रोज कारखान्यात नेले आणि परत आणले. लग्न झाल्यावर कॅरियरवर विद्याताई बसू लागल्या. मुलगी झाली, सुखदा, तेव्हा पुढच्या दांडीवर छोटी गादी बसवली. रामनवमी असो की दत्तजयंती, शहरात कुठे मराठी कीर्तन असले की हे तिघे माझ्यावरून जायचे. मी बाहेर भिंतीला टेकून उभी असायची. पूर्वरंगातले निरूपण मला फारसे कळत नसे, पण उत्तररंगात कथा सुरू झाली की मलाही ऐकावेसे वाटे.

मग स्कूटर आली, नंतर मोटार. निवृत्तीनंतर ते सर्जापूर रोडच्या मोठ्या सोसायटीत राहायला गेले आणि मी तळघरात, पाण्याच्या पंपाशेजारी. टायर बसले. कुणीतरी माझ्या हँडलला ओली छत्री अडकवली, ती तीन वर्षे तशीच होती. याबद्दल माझी तक्रार नाही. जे वापरात नसते ते कुठेतरी ठेवावे लागते, आणि तळघर हीच त्याची जागा.

पुढे उमाकांतांना कंपवात झाला. आधी हात थरथरू लागला, मग पाय अडू लागले. चालता चालता ते मध्येच थांबत, तळवे फरशीला खिळल्यासारखे. लिफ्टच्या दारात, उंबऱ्यापाशी, अरुंद जागेत तर हमखास. मन पुढे जाई, पाय मागे राहत. एकदा तळघरात मोटारीकडे जाताना ते असेच माझ्याशेजारी अडले. आधाराला त्यांनी माझे हँडल धरले. किती वेळ धरून होते कुणास ठाऊक. मग त्यांनी छत्री काढून बाजूला ठेवली, माझ्यावर टांग टाकली आणि त्या बसलेल्या टायरांवर पंपापासून फाटकापर्यंत सरळ गेले.

पहारेकरी मंजुनाथ खुर्चीतून उडालाच. "अंकल! स्वल्प हळू! पडणार तुम्ही!"

"चालताना पडतो रे. हिच्यावर नाही," उमाकांत म्हणाले, आणि वळून पुन्हा एक फेरी मारली.

डॉक्टरांना आश्चर्य वाटले नाही. या आजारात काहींचे असे होते म्हणाले. चालता येत नाही, सायकल मात्र जमते. फक्त मोठ्या रस्त्यावर जायचे नाही. माझे टायर बदलले, साखळीला तेल मिळाले. मी पुन्हा कामाला लागले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. सुखदा नोकरी सांभाळून सहा वर्षे कीर्तन शिकत होती. तिचे पहिले पूर्ण कीर्तन दसऱ्याला, दुपारी चार वाजता ठरले. जागा हुणसेकेरे तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा मारुतीचा मंडप. बांधावरचा रस्ता गटाराच्या कामासाठी उकरलेला, म्हणून तळ्यात सहलीची माणसे फिरवणारी मोठी सपाट नाव कीर्तन ठेवणाऱ्या मराठी मंडळाने श्रोत्यांसाठी ठरवली. पलीकडच्या धक्क्यापासून मंडपापर्यंत दोनशे पावलांची वाट होती. दोनशे पावले म्हणजे उमाकांतांना जवळजवळ अर्धा दिवस.

"मंडळाची चाकांची खुर्ची आहे," विद्याताई म्हणाल्या. "त्यात बसा ना. कोण काय म्हणणार आहे?"

"कुणी काही म्हणणार नाही. पण सुखदा समोर उभी असणार. मला खुर्चीतून ढकलत आणलेलं पाहिलं तर ती पदाची चाल विसरेल. तिचं पहिलं कीर्तन आहे, विद्या. मी सायकलवरून येईन, तिला हात करीन आणि पुढे जाऊन बसेन. बस."

म्हणून मला न्यायचे ठरले.

आदल्या दिवशी खंडेनवमी. बंगळुरात त्या दिवशी सायकलीपासून बसपर्यंत सगळ्या वाहनांची पूजा होते. विद्याताईंनी मला धुतले, हँडलवर हळदकुंकवाचे स्वस्तिक काढले, पुढच्या दांडीपासून कॅरियरपर्यंत झेंडूचा जाड हार गुंडाळला. एवढ्यावर त्यांचे समाधान होईना. लेकीच्या कीर्तनाला जाणारे वाहन झळकले पाहिजे, म्हणून त्यांनी खोबरेल तेलाचा बोळा घेऊन माझ्या दोन्ही रिमा घासल्या. छान चमकल्या. माझे ब्रेक रिमेलाच रबर लावून धरतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. उमाकांतांना चांगलेच ठाऊक होते, पण ते वर बसून मुलीचे पाठांतर घेत होते. मला बोलता येत नाही.

दसऱ्याला टेंपोत आडवी निजून मी तळ्यावर आले. नावेला पुढे केळीचे खुंट बांधलेले, छताला आंब्याची पाने. नाव चालवणारा यल्लाप्पा चिक्कोडीकडचा. मला पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"काय ओ काका, बोटीत सायकल? माणसं न्यायची बोट हाय ही."

"माझे पाय आहेत ते, यल्लाप्पा."

"ते सगळं खरं की ओ. पण वझं एका अंगाला आलं तर बोट कलंडती." तो थोडा विचारात पडला. "घ्या, मधोमध घ्या. मी दोरी आणतो. आवळून बांधायला पाहिजे हिला."

"दोरी नको हं!" विद्याताई मध्ये पडल्या. "पूजेचा हार तुटेल. आज दसरा आहे, आज तरी नको."

"हार तुटला तर दुसरा घालता येतो, अक्का."

"नको म्हटलं ना."

उमाकांतांनी तोड काढली. खिशातली जुन्या ट्यूबची पट्टी घेऊन त्यांनी ब्रेकचा दांडा मुठीशी करकचून बांधला. "आता हलायची नाही. मी सीट धरून बसतो."

यल्लाप्पा "सरी, सरी" म्हणत इंजिनाकडे गेला. कन्नडात सरी म्हणजे बरे, पण ते सरी पटल्याचे नव्हते.

नाव निघाली. पाणी सपाट होते, ब्रेक टिकला. लोक फोटो काढत होते, कुणी चिवडा वाटत होते. पलीकडून ध्वनिक्षेपकावर पेटीचा सूर आला. चार वाजून गेले होते. संध्याकाळी सीमोल्लंघनाची पालखी निघायची असल्याने मंडळाने कीर्तन थांबवले नव्हते. सुखदाचे नमन सुरू झाले. उमाकांत एकदम ताठ बसले.

धक्का जवळ येताच यल्लाप्पाने पुढच्या दाराची साखळी काढली. "उठू नका ओ, कुणी उठू नका!" तो ओरडला. पण धक्का दिसल्यावर बसून राहतील ती आपली माणसे कसली! सगळे एकदम उठून पुढे झाले. नाव पुढे वाकली, धक्क्यावर आदळली. तेलकट रिमेवरून रबर घसरले आणि मी निघाले. उमाकांतांची मूठ माझ्या सीटवर होती. मी त्यांना ओढत दाराकडे चालले होते आणि मला थांबता येत नव्हते.

"सोडा ओ काका, सोडा तिला!"

त्यांनी सोडले नाही. विद्याताईंनी दोन्ही हातांनी त्यांचा दंड मागे ओढला, तेव्हा मूठ सुटली. मी नाव आणि धक्क्याच्या फटीतून पाण्यात गेले.

तिथे कमरेइतकेच पाणी होते. माझे मागचे चाक चिखलात रुतले आणि हँडल वर राहिले. म्हणून पुढचे मला दिसले आणि ऐकूही आले.

यल्लाप्पाने आणि आणखी एकाने उमाकांतांना उचलून धक्क्यावर उभे केले. लोक मंडपाकडे गेले. उमाकांत फळ्यांवर उभे, गुडघे किंचित वाकलेले, पाय जागेवर थरथरत. विद्याताईंनी हात धरून ओढले. ओढले की ते वरून वाकत आणि पाय तिथेच.

"माझ्यामुळेच झालं हो," त्या रडवेल्या झाल्या. "तेल... बोटाला लागतंय अजून. दोरीही मीच नको म्हटलं." मग मंडपाकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "सुखदा! अगं ये, बाबा अडकलेत!"

मंडपाच्या कठड्याशी उभे असलेले मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव धावत धक्क्यावर आले. "वहिनी, नमन झालंय. ती नारदांच्या गादीवर उभी आहे. आरतीपर्यंत तिला खाली येता यायचं नाही. आम्ही खुर्ची आणतो."

"खुर्ची नको," उमाकांत म्हणाले. आवाज बारीक होता, पण ठाम.

सुखदाने धक्क्याकडे पाहिले. तिचा एक पाय गादीच्या कडेला आला, तिथे थांबला आणि परत मागे गेला. पेटी थांबली. मग ध्वनिक्षेपकावर तिचा आवाज आला, अगदी घरातल्यासारखा.

"बाबा, तिथेच थांबा. ओढू नकोस गं आई, सोड त्यांना. बाबा, झांज ऐका. झांज वाजली की एक पाऊल. बाकी काही करू नका."

तिने झांज वाजवली. विठ्ठल. पुन्हा वाजवली. विठ्ठल. संथ, एकसारखी. तबला मिळाला, मंडपातल्या टाळ्या मिळाल्या. तिसऱ्या ठेक्याला उमाकांतांची उजवी टाच फळीवरून सुटली. चौथ्याला डावी. ते धक्क्यावरून उतरले, वाटेला लागले. विद्याताई दोन हात अंतर ठेवून मागून चालल्या, तोंडाला पदर लावून. यल्लाप्पा इंजिन बंद करायचे विसरून उभा होता. "आता काय म्हणावं ओ ह्याला," तो स्वतःशीच म्हणाला.

मंडपाच्या पायरीशी ते पुन्हा अडले. सुखदाने ठेका तोडला नाही, फक्त जरा सैल केला. ते चढले. मग मला ते दिसेनासे झाले.

कीर्तन दोन तास चालले. ती चाल विसरली नाही. आरती झाली, लोक पाया पडायला रांगेने गेले. तिच्या पदराला लावलेला माइक चालूच राहिला होता, म्हणून पाण्यातून मला हेही कळले.

"बाबा, तुम्ही नका ना! मी पोर आहे तुमची."

"तुझ्या कुठे पडतोय? गादीच्या पडतोय. सरक जरा."



दुसऱ्या दिवशी यल्लाप्पाने आकडा टाकून मला वर काढले. मंजुनाथ म्हणाला, भंगारात द्या. उमाकांतांनी दिले नाही. बेअरिंगमधली वाळू काढायला त्यांना चार दिवस लागले, हात थरथरत असल्याने तिच्या पोलादी गोळ्या सारख्या सांडत होत्या. विद्याताई शेजारी बसून त्या वेचत होत्या आणि कोरड्या फडक्याने माझ्या रिमा पुसत होत्या. मी आता थोडी कुरकुरते, पण चालते.

तर मित्रांनो, माझी पूजा जरूर करा, मला ती आवडते. पण ब्रेक जिथे धरतो तिथे तेल लावू नका, आणि नावेत न्याल तेव्हा हाराची काळजी न करता मला मधोमध दोरीने बांधा. एवढे माझे झाले. दुसरे मागणे माझ्यासाठी नाही. तुमच्या घरात, जिन्यात, बसच्या दारात कुणाचे पाय अडलेले दिसले, तर मागून ढकलू नका आणि हात धरून ओढू नका. दोन हात दूर उभे राहा, संथ टाळी वाजवा, आणि त्यांचे पहिले पाऊल पडेपर्यंत वाजवत राहा.