दार नीट लावलं होतं का

...आणि पिशवी वाकली. वाकायला नको होती. काल संध्याकाळपर्यंत ती फरशीच्या तुकड्याइतकी टणक होती, शेजारच्या पिशवीवर आपटली तर टक् असा आवाज करणारी, आणि आता तिच्या दोन बोटांत मान टाकून लोंबत होती. पिशवीवर तारीख, तिच्याच अक्षरात, बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांतली. तेव्हा दूध असं यायचं की पंपालाच दम लागावा. हल्ली उलट. हल्ली ते मशीन अर्धा तास कण्हतं आणि बाटलीच्या तळाशी एवढंसं जमतं की नवरा विचारतो, "सुरू नाही केलास अजून?" म्हणजे जो काही साठा होता तो हाच, फ्रीजरमधला. उद्यापासून ती ऑफिसला, आणि पिल्लू दिवसभर यावर, असं ठरलेलं.

फ्रीजरचं दार रात्रभर बोटभर उघडं राहिलं होतं. बस, एवढंच. वीज गेली नाही, चोर आला नाही. नवऱ्याने सकाळी पाहिलं आणि हाक मारली, "अगं, हे दार उघडं होतं वाटतं." वाटतं! पायातले मोजे भिजलेले, खाली थारोळं, आणि याला वाटतं. हा माणूस बुडताना सुद्धा म्हणेल, पाणी जरा जास्त आहे वाटतं.

"मीच असेन," तो पुढे म्हणाला. "रात्री पाणी प्यायला उठलो होतो."

पाण्याची बाटली खालच्या कप्प्यात असते. वरचा कप्पा याने लग्नानंतर उघडल्याचं तिच्या पाहण्यात नाही. बर्फ कुठून येतो याबद्दल त्याच्या कल्पना धूसर आहेत.

"तू कुठला, मी," सासूबाई पदराला हात पुसत आल्या. "वाटाणे काढायला उघडला होता मी."

वाटाण्याचं पाकीट आत होतं. न फोडलेलं.

"कोणी काही बोलू नका," सासरे म्हणाले. ते कायम असे बोलतात, जसं काही सगळे त्यांच्याचसाठी थांबलेत. "गुडघ्याला लावायची बर्फाची पिशवी ठेवायला मीच उघडलं होतं."

"तुमचा गुडघा गेल्या आठवड्यात दुखत होता," सासूबाई.

"काल पण दुखला."

"मला न सांगता?"

यावर दोघांची जुंपली, गुडघ्याने कोणाला विचारून दुखावं यावर, आणि ती पिशवी हातात धरून उभी राहिली... काय ही माणसं. यांना गुन्हा सुद्धा धड करता येत नाही, आणि कबूल करायची एवढी हौस.

खरं तर तिच्या धंद्यात हे अशक्यच होतं. ती घरगुती यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात होती, आणि तिचं काम थोडक्यात सांगायचं तर हे की, माणूस ओरडत फोन करतो, आणि फोन ठेवतो तेव्हा चूक त्याची स्वतःची झालेली असते. पहिला प्रश्न ठरलेला: दार नीट लावलं होतं का? "होतं की," म्हणायच्या आधी लोक अर्धा सेकंद थांबतात. त्या अर्ध्या सेकंदावर तिला दोनदा बढती मिळाली होती. इतक्या वर्षांत एक माईचा लाल म्हणाला नव्हता की, मॅडम, मीच उघडं टाकलं. आणि इथे सकाळी चहाच्या आधी तिघं, रांगेने, कोणी विचारलेलं नसताना.

आणि तिघेही खोटं बोलत होते. तो अर्धा सेकंद तिघांच्याही आवाजात तिने ऐकला होता.

कारण उघडं कोणी टाकलं ते तिला ठाऊक होतं. त्याचा पुरावा तिच्या गाऊनच्या खिशात होता. काल निजायच्या आधीची पिशवी, सगळ्यांत पुढे, आडवी, घाईत सरकवलेली, मागे जागा असताना... तिनेच घरभर शिकवलं होतं, नवं मागे, जुनं पुढे, दारात तर कधीच नाही. त्या पिशवीच्या कोपऱ्यावर दाराच्या रबराची खाच उमटली होती. सकाळी थारोळ्यात धावत येऊन तिचा हात पहिल्यांदा कशावर पडला असेल तर त्या पिशवीवर, आणि बाकीच्यांच्या डोळ्यांवरची झोप उडेपर्यंत ती खिशात गेली होती. सफाईने. दार मिटताना टप् असा आवाज येतो. काल आला नव्हता. तिला तेव्हाच कळलं होतं की आला नाही. जाऊ दे, असंही ती म्हणाली नव्हती. नुसती गादीकडे वळली होती.

मग निवडानिवड. सासूबाईंनी टेबलावर टॉवेल पसरला, ती सांगत गेली: मध्ये बर्फाचा खडा लागत असेल तर परत फ्रीजरमध्ये, अगदी मागे, पूर्ण वितळलं असेल तर खाली, साध्या कप्प्यात, उद्यापर्यंत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही, म्हणजे नाही. सासरे एकेक पिशवी डोळे मिटून चाचपत, वैद्याने नाडी बघावी तसं. "खडा आहे... नाही... आहे." नवरा प्रत्येक पिशवी खिडकीकडे धरून बघे, काय दिसत होतं देव जाणे. "ही नक्की वितळलीय वाटतं."

"नक्की की वाटतं?" ती.

"नक्की वाटतं."

बिनडोक. तिघंही. मी मेले तर ही तीन माणसं मिळून एक बाटली सुद्धा कोमट करू शकणार नाहीत. आणि उद्या यांच्या हातात पिल्लू सोपवून मी लोकांना विचारणार, दार नीट लावलं होतं का.

खडा लागलेल्या पिशव्यांची थप्पी बुटकीच झाली. वितळलेल्यांची उंच.

"उद्याची ददात नाही," सासूबाई म्हणाल्या. "परवाचं परवा बघू. पावडर काय विष नसते."

तिला वाटलं, आता तरी कोणी विचारेल. इतका साधा प्रश्न. फ्रीजर शेवटचा कोणी उघडला होता? आणि घरात रोज निजताना तो कोण उघडतं हे पिल्लू सोडून सगळ्यांना... सगळ्यांना...

ती थांबली.

नवऱ्याने एक पिशवी उजेडाकडे धरली होती. बघत तिच्याकडे होता. तिने पाहिल्यावर घाईने पिशवीकडे बघायला लागला.

सासऱ्यांनी उठून दार लावलं, टप्, मग उघडून पुन्हा लावलं, टप्. "हे रबर सैल झालंय जरा," ते फ्रीजला उद्देशून म्हणाले. "कोणाकडूनही राहिलं असतं."

"तेच तर," सासूबाई टॉवेल पिळत म्हणाल्या, आणि त्याही फ्रीजलाच म्हणाल्या.

म्हणजे पहिल्यापासून. मोजे भिजले तेव्हापासून. वाटाणे, गुडघा, पाणी... इतकी भिकार खोटी कारणं, कंपनीत असती तर तिने एका मिनिटात फाडून हातात दिली असती. तिने मनात एखादी शिवी शोधून पाहिली, तिघांना मिळून पुरेल अशी. सकाळपासून शिव्यांना तोटा नव्हता. आता एकही हाताला लागेना.

खिशात हात गेला. पिशवी ऊन लागली. इतका वेळ मांडीला लागून, दूध जिथून निघालं होतं तितकंच ऊन पुन्हा झालं होतं, आणि आता कोणाच्याही उपयोगाचं नव्हतं. तिने ती मुठीत धरली. आतल्या खोलीत पिल्लू कुरकुरायला लागलं. तिघांच्या माना तिकडे वळल्या, आणि मग एकदमच तिच्याकडे.

"काही म्हणालीस?" नवरा.

म्हणाली नव्हती. तोंड मात्र उघडलं होतं. आणि तो अर्धा सेकंद, जो ती इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आवाजात पकडत आली होती, कान टवकारून, मनात हसत... तो आतून एवढा लांब असतो, त्यात इतकी माणसं उभी राहू शकतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.