वेळखाऊ थांबा

डब्यात पाय ठेवला की आधी वास येतो. भिजून वाळलेल्या सीटचा, कुजलेल्या केळ्याच्या सालींचा, आणि त्या संडासाचा, ज्याचं दार लागत नाही आणि लागलंच तर उघडत नाही. हा वास माझ्या केसांत, पिशवीत, जेवणाच्या डब्यात, सगळीकडे मुरलाय. घरी गेले की नवरा विचारतो, "आलीस का गाडी घेऊन?" आणि वर हसतो. त्याला काय जातंय हसायला.

माझं काम माणसं मोजायचं. आमच्या त्या मरतुकड्या लाइनीवर सकाळी एक गाडी खाली जंक्शनला जाते आणि संध्याकाळी तीच वर येते. डबे दोन. कुठल्या थांब्यावर किती चढले, किती उतरले, ते मी मोजते. हातात एक गोल यंत्र असतं, बटण दाबलं की आकडा एकाने पुढे जातो. आम्ही त्याला टिकटिक्या म्हणतो. चढला, टिक. कडेवरचं पोर मोजायचं नाही. कोंबडी मोजायची नाही. फलाटावर उभं राहून नुसते हात हलवणारे मोजायचे नाहीत. या धंद्याने डोकं इतकं नासलंय की दवाखान्यात बाकावर बसले तरी समोरची माणसं मोजून होतात.

ऑफिसात आमच्या दोन खोल्या. एक मोजणीची, एक वेळापत्रकाची. मध्ये पाण्याचं मशीन, पण तिथेसुद्धा या खोलीची माणसं त्या खोलीच्या माणसांशी बोलत नाहीत. आम्ही बघतो गाडीत माणसं आहेत का. ते बघतात गाडी वेळेवर आहे का. त्यांचा अहवाल वर जातो, आमचाही वर जातो, आणि वर कोण बसलंय ते कुणाच्या बापाने पाहिलेलं नाही. त्या खोलीच्या साहेबांना सगळे घड्याळसाहेब म्हणतात. तोंडावर नाही, अर्थात. गाडीला उशीर का झाला याची त्यांच्याकडे ठरलेली कारणं आहेत. सिग्नल, इंजिन, गुरं, प्रवासी. हो, प्रवासी, आणि तेही यादीत गुरांच्या खाली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता नुसतं पान उलटते.

या लाइनीवर माझी ताई राहते. भावोजींची दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. आठवड्यातून तीनदा जंक्शनच्या दवाखान्यात जाऊन यंत्रातून रक्त धुऊन घ्यायचं, तेव्हा कुठे पुढचे दोन दिवस मिळतात. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. रस्ता आहे म्हणायला, पण तो डोंगराला असा वळसा घालून जातो की धडधाकट माणसाचं आतडं बाहेर येईल. एकदा नेलं होतं जीपने. परत आल्यावर भावोजी म्हणाले, "मेव्हणीबाई, पुन्हा यात बसवलंत तर मी घरीच राहीन. मरायचंय तर अंथरुणात मरू दे." थट्टेत बोलले, पण ताई त्या दिवशी जेवली नाही. तेव्हा गाडी म्हणजे भावोजी, असा सरळ हिशोब होता.

त्यांच्या डाव्या हातावर एक शीर फुगवून ठेवलीय. सुया तिथेच टोचतात. त्या हाताला कुणी धरायचं नाही, त्यावर ओझं घ्यायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. बोटं ठेवली की आत रक्त गुणगुणताना लागतं. ताई सकाळी उठल्याबरोबर त्या हातावर बोटं ठेवते, मग चूल पेटवते. तो हात बंद पडला तर पुढे काय, हे घरात कुणी बोलत नाही.

गेल्या वर्षी बातमी आली की मोठी मोजणी होणार, आणि माणसं कमी भरली तर गाडी बंद. तारीख गुप्त. ताईचा लगेच फोन.

"बारके, कधी गं?"

"ताई, नोकरी घालवतेस का माझी?"

"बरं बाई, नको सांगूस. मंगळवारी फोन करते."

"मंगळवारी नको, कामात असेन," मी म्हणाले, आणि झालं. लहानपणापासून माझ्या तोंडातून गोष्टी काढण्यात ताईचा हात कुणी धरलेला नाही. तिने गावात मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, पण अजून अख्ख्या गावाला पोरं समजणारे गृहस्थ.

मंगळवारी मी दुसऱ्या डब्यात टिकटिक्या घेऊन उभी, पहिल्या डब्यात घड्याळसाहेब मनगटावर नजर लावून. ताईच्या गावचा थांबा आला आणि मी कपाळावर हात मारला. अख्खं गाव फलाटावर! एरवी तिथे दवाखान्याची माणसं, कॉलेजच्या चार मुली आणि दूधवाल्या असतात. तरी लाइनीतला सगळ्यात भरलेला थांबा तोच. त्या दिवशी न्हावी दुकान बंद करून आला होता. ज्या म्हाताऱ्या अंगणाबाहेर पडत नाहीत त्या डोक्याला तेल लावून उभ्या. मास्तर शिट्टी वाजवत होते, "रांगेत! लहान मुलं कडेवर नको, खाली उतरवा, म्हणजे मोजली जातील!"

एका डब्याचं एक दार जाम. चढायचं एकाच दारातून. एक म्हातारी पायरीवर चढून पुन्हा उतरली, चष्मा घरी राहिला म्हणून. तिचा नातू पळत आणायला गेला आणि मास्तर गार्डला सांगतायत, "दोनच मिनिटं, आजींशिवाय आकडा अपुरा राहील." गार्ड हिरवं निशाण काखेत मारून बिडी ओढत उभा. मी दात ओठ खात बटण दाबत होते. ताई खिडकीतून डोळे मिचकावते! मला तिला ओरबाडावंसं वाटलं.

गाडीला इतका उशीर झाला की जंक्शनला पुढची मोठी गाडी निघून गेलेली. गावकऱ्यांना कुठे पुढे जायचंय? त्यांनी फलाटावर चहा प्यायला, एकमेकांना टाळ्या दिल्या आणि संध्याकाळपर्यंत बाकड्यांवर लोळले. खाली नुसते कागदी कप आणि शेंगांची टरफलं. मी पाय उचलून उचलून चालत होते.

पण आकडा भरला. आमच्या खोलीत कौतुक झालं, लाइन चालू राहणार असं वरून कळलं, आणि ताई फोनवर रडली. "वाचली गं गाडी! तुझे भावोजी म्हणतात, मेव्हणीबाईंना साडी घ्यायची." माझाही राग उतरला. चला, म्हटलं, गाढवपणा केला पण कामी आला.

मग नवं वेळापत्रक आलं. गाडी होती. थांबे होते. ताईच्या गावचा थांबा नव्हता.

मी तशीच पाण्याच्या मशीनवरून वेळापत्रकाच्या खोलीत शिरले. घड्याळसाहेब सफरचंद कापत होते, फोडी अगदी सारख्या.

"साहेब, हा थांबा चुकून राहिला का?"

"चुकून नाही, बाई. काढला. वेळखाऊ थांबा आहे तो. मोठ्या मोजणीच्या दिवशी सगळा उशीर तिथेच झाला."

"अहो, माणसं तिथेच चढतात!"

"तेच म्हणतोय मी. कारण आहे ना आमच्याकडे. प्रवासी."

"आणि पुढचा खाणीचा थांबा ठेवलात? खाण बंद होऊन जमाना झाला. तिथे कुत्रं चढत नाही."

"उत्तम थांबा आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर प्रेम दिसलं. "थांबली की सुटली. आजवर अर्धं मिनिट कधी वाया गेलं नाही."

थट्टा करतायत का म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. माणूस गंभीर होता. सफरचंदाची फोड पुढे केली, घ्या म्हणाले. शी!

"त्या गावातल्या आजारी माणसांनी जायचं कसं?"

"माणसांचं तुमच्या खोलीत विचारा."

आमच्या खोलीत विचारलं. आमचे साहेब म्हणाले, "आपण मोजायचं, बाई. थांबा गेला, तिथलं मोजणं गेलं. तुमचं काम हलकंच झालं की." अर्ज केला. अर्ज वेळापत्रकाच्या खोलीत गेला, तिथून आमच्या खोलीत आला, आणि माझ्याच टेबलावर माझ्या अभिप्रायासाठी येऊन पडला. मी अभिप्राय लिहिला. तो परत तिकडे गेला. दोन्ही खोल्यांवर रॉकेल ओतावं असं वाटायचं, आणि मी मुकाट्याने मशीनचं पाणी पिऊन जागेवर येऊन बसायचे.

ताईला मीच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही एवढे आलो म्हणून?"

"हो! एवढे आलात म्हणूनच! कुणी सांगितलं होतं गाव गोळा करायला? चष्मे आणायला?" मी फोनवर किंचाळले. तिकडून भावोजींनी फोन घेतला. "असू दे गं. तिला नको बोलूस. मी आता घरीच राहतो, झालं." या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या सकाळी मी आणि घड्याळसाहेब पुन्हा गाडीत. ते मुद्दाम माझ्या डब्यात आले. नवा शर्ट घातला होता. ताईचं गाव आलं, गाडीने वेग कमीसुद्धा केला नाही. मी दारात उभी. फलाटावर चिटपाखरू नव्हतं. म्हणजे भावोजी खरंच घरी राहिले, असं मनात आलं आणि मी दाराचा दांडा धरला. साहेबांनी घड्याळ बघून मान डोलावली.

वळण संपलं आणि खाणीचा थांबा दिसला. फलाट कसला, खचलेले दगड आणि कमरेएवढं गवत. त्या गवतात माणसं उभी होती. अंधार असतानाच निघून रुळाच्या कडेने चालत आलेली, पायाला चिखल, धापा टाकत. दूधवाल्या, कॉलेजच्या मुली, मास्तर. आणि मागे भाजीच्या हातगाडीवर, उशीला टेकून भावोजी. गाडी ढकलणारी ताई.

"हे काय?" साहेब म्हणाले. "इथे कुणी नसतं." आणि त्यांनी मनगट वर केलं.

मला सगळं एका क्षणात कळलं. इथे उशीर झाला की हाही थांबा जाणार. आणि पुढचा फार लांब आहे, तिथवर हातगाडी जात नाही. मास्तरांनाही कळलेलं असावं, कारण या वेळी त्यांनी शिट्टी वाजवली नाही. माणसं पटापट, एक शब्द न बोलता चढली. मी बटण दाबत होते आणि ओरडत होते, "चला! आवरा! बोलू नका, चढा!" ढोरं हाकल्यासारखी हाकत होते त्यांना.

राहिले भावोजी. फलाट खचलेला, पायरी मांडीएवढी उंच. त्यांनी एक पाय टेकवला आणि तिथेच थांबले, दम खात, माझ्याकडे बघून ओशाळं हसत.

"अगं, जरा हळू."

"हळू कुठलं! उचला पाय! उचला म्हणते ना!" गार्डने निशाण वर केलं, साहेब तोंडाने सेकंद मोजत होते, आणि मी वाकून जो हात समोर आला तो धरला आणि सगळा जोर लावून ओढला.

"तो हात नको!" ताई खालून ओरडली. "बारके, तो हात सोड!"

तोवर ते आत आले होते. मागोमाग ताई चढली. गाडी सुटली.

"वेळेत!" घड्याळसाहेब म्हणाले. "अगदी वेळेत. शाब्बास, बाई. दोन्ही खोल्यांनी असं मिळून काम केलं पाहिजे."

भावोजी दारापाशीच खाली बसले होते, त्या घाणीत, डावा हात मांडीवर घेऊन. माझ्या बोटांचे वळ त्यावर उमटले होते. ताईने त्यांची बाही वर सारली, शिरेवर बोटं ठेवली. मग कान लावला. पुन्हा बोटं ठेवली.

"गुणगुणतंय का?" मी विचारलं. "ताई, लागतंय का गं?"

"गाडी हलतेय," ती म्हणाली. "काही कळत नाही."

मी खाली बसून हात पुढे केला, तर तिने तो बाजूला केला. रागाने नाही. वाटेत आलेली पिशवी सरकवतात तसा.

"तू मोज," ती म्हणाली. "आम्ही बघतो."

पुढचा थांबा आला. दोन माणसं चढली. मी बटण दाबलं.