फुकटचं सरपण

सकाळपासून सुनेचं कशात लक्ष नव्हतं. चुलीत लाकूड सारायचं आणि उठून पुन्हा पोरीचे तळहात बघायचे. राखेने भांडी घासायचं काम पोरीचं. एवढीशी पोर, पण हातांना भेगा पडल्या होत्या आणि अन्न पोटात ठरत नव्हतं.

चुलीत जळत होते वखारीतले हिरवट तुकडे. कीड लागू नये म्हणून तिथे लाकडाला औषध पाजत आणि कापून उरलेले तुकडे कामगारांना घरी नेऊ देत. अख्खी वस्ती त्यावरच स्वयंपाक करी. मालकांचे उपकार! फुकट ते पौष्टिक म्हणतात ना, तसंच.

काल दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला होता. "अहो, विष आहे ते! धुरातही आणि राखेतही."

सासूबाईंना मात्र पटेना. "त्यांचं काय जातंय सांगायला? इतकी वर्षं जाळतोय, मेलं का कोणी?" बोलता बोलता त्यांनाच खोकल्याची उबळ आली.

तेवढ्यात नवरा नवा भारा घेऊन आला. सोबत वखारीचे मुकादम, चहाला. नवऱ्याने भारा टेकवून जाड हातमोजे काढले.

"हे कशाला घालता हो?" सुनेने विचारलं.

"नियमच आहे. त्या लाकडाला उघडा हात लावायचा नाही."

"आणि आपली पोर राखेत हात घालते, ते?"

नवऱ्याची मान खाली गेली. "कळतं गं. पण दुसरं सरपण आणायचं कुठून?"

मुकादम हसले. "वहिनी, राईचा पर्वत करू नका. चहा टाका बघू."

"टाकते. पण भाऊ, तुमच्या घरी हेच जळतं का?"

"छे छे," मुकादम बोलून गेले, "घरात लहान मुलं आहेत ना!"

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कळशी उचलली आणि पेटत्या चुलीवर उपडी केली.

"अगं, घर उपाशी ठेवतेस?" सासूबाई ओरडल्या.

"ठेवते, आत्याबाई. उपाशी पोर उद्या जेवेल तरी."

पोरीला कडेवर घेऊन ती बाहेर पडली. शेजारच्या घरातून तोच धूर येत होता. तिने दार ठोठावलं, मग त्यापुढचं.

वाचकहो, आपल्या दारांना वाळवी लागत नाही, म्हणून आपण निश्चिंत झोपतो. त्या दारांच्या औषध पाजलेल्या लाकडाचे उरलेले तुकडे कोणाच्या चुलीत गेले, हे आपण कधी विचारलं आहे का?