लाज झाकणं माझं काम नव्हे

मी स्कार्फ बोलतोय. पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळून घेतात, तेव्हा बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं की इथं दरोड्याची तयारी चालली आहे. तसं काही नसतं. ऊन असतं, धूळ असते आणि पुढच्या बसचा धूर असतो. तेवढ्यासाठीच मी आहे. रंग फिकट जांभळा, कापड सुती, स्वभाव तापट.

माझा जन्म इचलकरंजीच्या मागावरचा. तुळशीबागेत एका दोरीवर लटकत होतो, तेव्हा द्वारकाबाईंनी मला दोन बोटांत चुरगाळून पाहिलं, "रंग जाणार याचा," असं दुकानदाराला तोंडावर सांगितलं आणि तरी घेतलं. त्यांची मुलगी अवनी तेव्हा अकरावीला गेली होती. वडिलांनी, म्हणजे संतोषरावांनी, तिला लायसन्स लागत नाही अशी बॅटरीवरची स्कूटर घेऊन दिली होती. त्या स्कूटरच्या जोडीला मी आलो.

संतोषराव खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला. राहायला तिथलेच क्वार्टर्स. कोणाच्या घरी आज कोणती भाजी शिजतेय हे तिथं शेजारच्या बिल्डिंगलाही माहीत असतं. अवनी रोज शिवाजीनगरला क्लासला जायची आणि जाताना माझ्याआडून गाणी म्हणायची. सिग्नलला तर चांगली मोठ्यानं. तोंडच दिसत नाही म्हटल्यावर गाणारी कोण, हे कोणाला कळणार? मला तिचा आवाज फार आवडायचा.

दिवाळीनंतर गाणं बंद झालं. घसा बसला असेल असं मला वाटलं. मग मी भर उन्हात ओला व्हायला लागलो, तेव्हा समजलं की हे घशाचं दुखणं नाही. क्लासच्या पार्किंगमध्ये ती स्कूटर लावायची आणि मला न सोडता तशीच बसून राहायची. वर्ग सुरू व्हायचा, संपायचा, ही तिथंच. मैत्रिणी "चल ना" म्हणायच्या. पुढं त्यांनीही म्हणणं सोडलं. घरी ताटात अर्धी पोळी राहायची. रात्र रात्र झोप नाही, आणि सकाळी उठवत नाही.

घरच्यांनी निदान झटपट केलं. बाबा म्हणाले, "सगळं त्या मोबाइलमुळे." आई म्हणाली, "दृष्ट लागलीय." मोबाइल काढून घेतला, दृष्टही काढली. मिरच्या जळून गेल्या, पोरगी होती तशीच. मग क्लासच्या टेस्टमध्ये मार्क घसरले आणि घर खडबडून जागं झालं. पोरगी महिनाभर हसली नव्हती, त्याचं काही वाटलं नाही, मार्कांचं वाटलं! माणसांचं हे मला कधीच कळलेलं नाही.

शेवटी क्लासमधल्या एका मॅडमनी द्वारकाबाईंना बोलावून सांगितलं, "हा आळस नाही, ताई. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा."

खडकीत डॉक्टर आहेत, पण ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून आई-बाबांसकट आम्ही कोथरूड गाठलं. तिथंही गाड्या दवाखान्यापासून दोन गल्ल्या अलीकडे, साड्यांच्या दुकानासमोर लावल्या. "स्कार्फ सोडू नकोस हं," द्वारकाबाई म्हणाल्या. "आत गेल्यावरसुद्धा." वेटिंग रूममध्ये ऊन नाही, धूळ नाही, एसी चालू, आणि पोरीच्या तोंडावर मी! एवढा अपमान माझा कधी झाला नव्हता. आजूबाजूला पाहिलं तर माझे आणखी दोघं-तिघं भाऊबंद तसेच बांधलेले. बिचारे खाली बघत होते.

डॉक्टर उत्कर्षा मॅडमनी आधी मला हटवलं. "तो सोड बरं. मला तुझा चेहरा दिसू दे." मी अवनीच्या मांडीवर पडलो, त्यामुळे पुढचं सगळं नीट ऐकलं. झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, पूर्वी काय आवडायचं ते विचारलं. मग सरळ विचारलं, "अवनी, मरून जावंसं वाटतं का कधी?"

द्वारकाबाई ताडकन उठल्या. "अहो, पोरीच्या डोक्यात काय भरवताय!"

"विचारल्यानं डोक्यात भरत नाही. आत असलं तर बाहेर येतं. बसा तुम्ही."

अवनीनं मला मुठीत घट्ट धरलं होतं. "कधी कधी वाटतं," ती म्हणाली. मग द्वारकाबाईंनी माझं दुसरं टोक उचललं आणि डोळ्यांना लावलं. त्या दिवशी मी दोन्हीकडून भिजलो.

"आजार आहे हा," मॅडम म्हणाल्या. "तिचा दोष नाही, तुमचाही नाही. आणि एकच कारण शोधत बसू नका. वय असतं, अभ्यासाचा ताण असतो, एकटेपणा असतो. कधी थायरॉइडही असतं, म्हणून रक्त तपासून घेऊ. काही घराण्यांत हा त्रास चालत येतो. तुमच्याकडं कोणाला होता?"

"छे," संतोषराव लगेच म्हणाले. "आमच्या घरात असलं काही नाही." त्यांचा पाय मात्र टेबलाखाली हलत होता.

गोळ्या सुरू झाल्या. त्या आईच्या ताब्यात ठेवायच्या आणि सध्या पोरीला एकटं सोडायचं नाही, असं बजावून सांगितलं होतं. गुण यायला काही आठवडे लागतील, मनानं बंद करायच्या नाहीत, हेही. दर आठवड्याला समुपदेशनाला बसायचं, संध्याकाळी चालायला जायचं. क्लासचे तास कमी केले. पहिले काही आठवडे काहीच फरक पडला नाही आणि मी वैतागून गेलो. मग एके दिवशी संध्याकाळी आईबरोबर चालताना होळकर पुलावर तिनं गाण्याची अर्धी ओळ म्हटली. अर्धीच, पण म्हटली.

इथं संतोषरावांनी घोळ घातला. मे महिन्यात घरी पाहुणे यायचे होते. "बरी दिसतेय ना आता? गोळ्या बास. पाहुण्यांसमोर ते नको, आणि सवय लागायची." द्वारकाबाईंनीही गोळ्या कपाटात वर ठेवून दिल्या. पाहुणे आमरस खाऊन गेले, आणि जूनमध्ये मी पुन्हा ओला.

पण या वेळी अवनी पार्किंगमध्ये बसून राहिली नाही. अर्ध्या रस्त्यातून घरी परतली, स्वयंपाकघरात शिरली आणि मला गळ्यातून ओढून ओट्यावर आपटलं. मला जराही राग आला नाही.

"आई, मला परत तसं व्हायला लागलंय. मला डॉक्टरांकडं जायचंय. आजच."

बाबा दारात होते. "अगं, हळू बोल. शेजारी..."

"बाबा, शेजारी शेजारी राहतात. मी माझ्या डोक्यात राहते. मला बरं व्हायचंय. तुम्ही येताय का मी एकटी जाऊ?"

काय सांगू, त्या ओट्यावर पडल्या पडल्या माझी छाती फुगली. असती तर.

दोघंही निघाले. दवाखान्यात मॅडम रागावल्या नाहीत. गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला, घरात कोणाला? या वेळी संतोषरावांनी जमिनीकडं बघत सांगून टाकलं.

"माझी मोठी बहीण आहे. सोजर. दहावीला असताना एकाएकी गप्प झाली. शाळा सुटली, अंथरुणातून उठेना. वडील कामचुकार म्हणायचे. देवदेव केलं, मग लग्न लावून दिलं, तिकडच्यांनी परत पाठवली. आम्ही सगळ्यांना सांगतो, तिचा स्वभावच शांत आहे."

"आत्या?" अवनी म्हणाली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

आयुष्यभर ज्या तोंडावर घट्ट गाठ मारून ठेवली होती, ते आता कुठं सुटलं होतं, आणि संतोषराव रडत होते.

"कुठं असतात त्या?" मॅडमनी विचारलं.

"सासवडजवळ, गावाकडं. धाकट्या भावाकडं."

"मग आणा त्यांना."

"आता? पन्नाशी आली तिची."

"पन्नाशीतल्या माणसाला बरं वाटायला नको का?"

आज अवनी बारावीला आहे. गोळ्या चालू आहेत, कमी कधी करायच्या ते मॅडम ठरवतील. वाईट दिवस येतात, पण आले की ती घरी सांगते. आत्याला आणायचं तिनं लावूनच धरलं. फोनवर फोन केले, काकांशी भांडली, आणि गेल्या आठवड्यात स्वारगेटला सासवडच्या एसटीतून सोजरबाई उतरल्या. संतोषरावांनी थांबवलेल्या रिक्षात बसताना अवनीनं मला त्यांच्या तोंडाला बांधलं.

"कशाला गं पोरी? माजं त्वांड कोण बघतंय?"

"धूळ उडते आत्या. दवाखाना आला की सोडायचा."

रिक्षा थेट दवाखान्याच्या दारात थांबली आणि अवनीनं तिथंच, रस्त्यावर, सगळ्यांदेखत मला सोडलं.

"असं कधीपासून वाटतंय तुम्हाला?" मॅडमनी विचारलं. सोजरबाईंनी आधी भावाकडं पाहिलं, मग अवनीकडं.

"मला इचारताय व्हय?" त्या म्हणाल्या. "आजवर कुणी इचारलंच न्हाई." आणि बोलू लागल्या. बाहेर पुढचे पेशंट खोळंबले, तरी कोणी त्यांना थांबवलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. मला उन्हात बांधा, धुळीत बांधा, मी तक्रार करणार नाही. पण तुमच्या घरात कोणी गप्प गप्प झालं असेल, तर जाऊन विचारा, आजच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.