मधला आकडा

दुकानात त्याला सगळे कॅप्टन म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण त्याला ते आवडायचं. डोंगरात भटकणाऱ्यांना लागतं ते सगळं तिथे मिळे: बूट, पाठीवरच्या सॅका, तंबू, दोर, आणि मागच्या भिंतीला ओळीने टांगलेल्या स्लीपिंग बॅगा. अकरा वर्षं कॅप्टन त्या भिंतीपुढे उभा होता. गिऱ्हाईक आलं की ह्याचं सुरू. "वर एकदा वारा सुटला ना..." असं म्हणून छताकडे असा काही बघायचा, की समोरच्याला वाटावं हा आत्ताच खाली उतरलाय. आता खरी गोष्ट ऐका. घराच्या गच्चीपलीकडे हा माणूस उघड्यावर कधी झोपलेला नाही, आणि गच्चीवरूनही डास चावले म्हणून तासाभरात खाली आलेला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. बरं, तो खोटं बोलायचा असंही नाही. "मी गेलो होतो" हे त्याने कधीच म्हटलं नाही. कुणी तसं समजलं, तर समजू देत असे इतकंच.

प्रत्येक बॅगेला एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर तीन आकडे. दुकानातली माणसं त्यांना झोप, तग आणि जीव म्हणत. पहिला आकडा झोपेचा: एवढ्या थंडीत निवांत झोप लागते. मधला तगाचा: एवढ्या थंडीत अंगाचं मुटकुळं करून रात्र काढता येते. तिसरा जीवाचा: एवढ्या थंडीत माणूस फक्त मरत नाही. म्हाताऱ्या मालकांचा नियम पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. मधला सांगा. पहिला ऐकून गिऱ्हाईक घाबरतं, तिसरा सांगणं पाप आहे, मधला खपतो. कॅप्टनने तो नियम घोटून पाठ केला होता. हा मधला आकडा येतो कुठून, हे विचारावं असं त्याला अकरा वर्षांत एकदाही वाटलं नाही.

तर एके दिवशी त्याची धाकटी बहीण दुकानात आली. बेचाळीस वर्षांची, किडकिडीत, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. लग्न, मुलं, सासूबाईंचं आजारपण, ह्या सगळ्यातून ती स्वतःसाठी म्हणून कधी बाहेर पडली नव्हती. आता लॅबमधल्या पाच जणींनी मिळून ठरवलं होतं: सहा दिवस चालायचं, बर्फातली एक खिंड ओलांडायची, आणि ज्याचं ओझं त्याच्याच पाठीवर. त्यासाठी चार महिने ती सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून इमारतीचे जिने चढत-उतरत होती. शेजारीपाजारी हसत होते, आणि हसोत बापडे, असं म्हणून ती चढत होती.

"दादा, तू देशील ती बॅग घेणार," ती म्हणाली. "मला ह्यातलं ओ का ठो कळत नाही."

एवढं ऐकल्यावर कॅप्टनची छाती फुगली नसती तरच नवल. त्यातून शेजारी एक चष्मेवाला गिऱ्हाईक बूट घालून बघता बघता कान देऊन ऐकत होता. कॅप्टनने एक लहानशी पिशवी उघडून आतली बॅग टेबलावर सोडली. ती हळूहळू फुगत गेली आणि टेबलभर पसरली.

"बदकाच्या पोटाखालची पिसं. हात लाव. साडेआठशे ग्रॅम फक्त."

तिने हात लावला, मग भिंतीवरच्या दुसऱ्या जाड बॅगेकडे बघितलं. "ती घेऊ का रे? मला थंडी जरा जास्तच वाजते, तुला माहितीये. चारशे ग्रॅमच तर जास्त आहे."

"चारशेच? अगं बाई, चौथ्या दिवशी खांद्यांना विचार चारशे म्हणजे काय ते!"

चष्मेवाला हसला. कॅप्टनला आणखी चेव आला. "थंडी किती सांगितलीय तुमच्या वाटाड्याने?"

"उणे सहा, फार तर सात."

"ही उणे आठची आहे. मग?"

ती चिठ्ठी निरखत होती. आकडे वाचायची तिला कामामुळे सवयच. "आणि हे आधी उणे दोन लिहिलंय, ते काय?"

आता इथे माणसाने जरा थांबावं की नाही? माहीत नसेल तर आतून कुणाला विचारून यावं. पण नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"ते नाजूक लोकांसाठी असतं," कॅप्टन म्हणाला. "तू काय नाजूक आहेस का?"

"छे! मी कसली नाजूक?" ती हसत म्हणाली आणि हलकी बॅग घेऊन गेली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, ती निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास डोंगरात माणसं घेऊन जाणारी एक बाई दोर घ्यायला आली. उन्हाने रापलेली, आवाजाने खणखणीत, दुकानाची जुनी गिऱ्हाईक. त्या वेळी कॅप्टन एका कॉलेजातल्या मुलीला बॅग दाखवत होता. मुलगी गेल्यावर बाई म्हणाली, "काय हो कॅप्टन, पोरीला मधला आकडा का सांगितलात?"

"आम्ही मधलाच सांगतो."

"अहो, पहिला आकडा बाईच्या अंगावरून काढतात, मधला पुरुषाच्या. बाईमाणसाला मधला सांगून कसं चालेल? थंडीने कुडकुडेल ना ती. चिठ्ठीच्या मागे चित्रं आहेत की."

"हो हो, माहितीये," कॅप्टन म्हणाला.

बघा माणसाची तऱ्हा. पायाखालची जमीन सरकली आणि हा म्हणतो, माहितीये. बाई दोर घेऊन गेली. त्याने चिठ्ठी उलटी केली. पहिल्या आकड्यापाशी बाईचं छोटं चित्र, मधल्यापाशी पुरुषाचं. लहान मुलालाही कळलं असतं. ती चिठ्ठी त्याने आजवर हजार वेळा हातात धरली असेल, पण पाठ कधी बघितली नव्हती. त्याचे कान तापले. किती बायका ह्या भिंतीपुढून त्याच्यावर भरवसा ठेवून गेल्या असतील, आणि त्यांतली एक उद्या सकाळी सहाच्या बसने निघणार होती.

जाड बॅग समोरच टांगलेली होती. बहिणीचं घर चालत वीस मिनिटांवर. जायचं, बॅग हातात द्यायची आणि म्हणायचं, "अगं, मी चुकलो. मला माहीत नव्हतं." बस, एवढंच. त्याने बॅग काढलीसुद्धा. मग तिचा चेहरा डोळ्यांपुढे आला. दादा, तुला माहीत नव्हतं? मग इतकी वर्षं तू काय सांगत होतास सगळ्यांना? भाऊजी ऐकतील, लॅबमधल्या चौघी ऐकतील. त्याने बॅग परत टांगली आणि स्वतःची समजूत घातली की उणे सात काही रोज पडत नाही.

संध्याकाळी मात्र राहवेना, म्हणून फोन केला. ताकाला जाऊन भांडं लपवणं कसं असतं, ते ह्या फोनवरून शिकावं.

"अगं, ती जाड बॅग आहे ना, ती जरा स्वस्तात निघालीय. बदलून देऊ का? मी येतो घेऊन."

"आता कुठे रे! सॅक भरून झाली. साडेआठ किलो! पाच जणींत सगळ्यात हलकी माझी. जळतायत सगळ्या."

इथे एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"बरं. टोपी घालून झोप. आणि मोजे कोरडे ठेव."

"हो रे दादा. किती काळजी करशील!"

फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली. चुकलेला माणूस निदान चुकलेला तरी असतो, हा आता त्याच्याही खाली उतरला होता.

पुढचे दिवस त्याचे कसे गेले ते विचारू नका. कुणी दुकानात "बहीण पोचली का वर?" असं साधं विचारलं तरी हा दचकायचा, कारण चोराच्या मनात चांदणं. बायका गिऱ्हाईक म्हणून आल्या की चिठ्ठी उलटी करून पहिला आकडा सांगू लागला. मालकांनी भुवया उंचावल्या, तर त्यांनाही त्याने चित्रं दाखवली. जे एकीला सांगायचं होतं, ते तो आता साऱ्या जगाला सांगत सुटला होता.

सातव्या दिवशी तिचा निरोप आला: "आले. ठीक आहे." ती एरवी एवढं त्रोटक कधी लिहीत नसे. रविवारी सकाळी तो तिच्याकडे गेला.

भाऊजी आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होते. बहिणीने दार उघडलं. नाकाचा शेंडा सोललेला, ओठ फुटलेले. टेबलावर बॅग तिच्या पिशवीत नीट भरून ठेवलेली होती.

"खिंड नाही झाली माझी," तिने बसता बसताच सांगून टाकलं. "वरच्या तळावर दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. नुसती थरथर, दात वाजतायत, पायांची बोटं कळेनात. सगळे कपडे घातले, तू सांगितलीस तशी टोपी घातली, काही उपयोग नाही. दुसऱ्या सकाळी उभी राहिले तर पाय लटपटायला लागले. वाटाड्या म्हणाला, ताई, तुम्ही मदतनिसाबरोबर खाली उतरा. चौघी गेल्या. मी खालून बघत बसले."

"बाकीच्यांच्या बॅगा..."

"त्यांच्या जाड होत्या. एकजण म्हणालीसुद्धा, तुझी बॅग कमी पडली. मी म्हटलं, माझ्या दादाने निवडलीय, अकरा वर्षं तो हेच करतोय, बॅगेत खोट असणार नाही. मीच नाजूक निघाले." ती हसायचा प्रयत्न करत होती, आणि तेच त्याला बघवेना. "चार महिने जिने चढले रे. शेवटी अंगातच नाही तर काय करणार? ही घेऊन जा तू. कुणा दमदार माणसाला दे. पुढच्या वर्षी त्या परत निघतायत, मी नाही म्हणून सांगितलं. झाली तेवढी हौस पुरे."

तिने पिशवी त्याच्या हातात दिली. उठायचं, बॅग घ्यायची आणि चालायला लागायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आयुष्यभर कुणाला कळलं नसतं. पण ती तिथे बसून स्वतःला नाजूक म्हणत होती, तो शब्द त्याचा होता, आणि आता त्याला शरमेने जीव नकोसा झाला.

"तू नाजूक नाहीस," तो म्हणाला. "मी आकडा चुकीचा सांगितला."

त्याने चिठ्ठी उलटी करून तिला चित्रं दाखवली. बाईचा आकडा उणे दोन, उणे आठ पुरुषाचा. मला माहीत नव्हतं, म्हणाला. मी डोंगरात कधी झोपलेलोच नाही, हेही म्हणाला. बोलताना त्याने मान वर केली नाही.

तिने दोन्ही चित्रांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे हिमोग्लोबिनसारखं," ती हळूच म्हणाली. "बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. रोज लिहिते रे मी ते." मग एकदम ताठ बसली. "थांब, थांब. तळावर उणे सात होतं. वाटाड्याने मोजलं होतं. आणि ही उणे दोनची. म्हणजे मी उणे सातात दोन रात्री काढल्या? उणे दोनच्या बॅगेत?"

"हो."

"आणि सकाळी उभी राहिले!" ती उठलीच. तिचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "अहो! ऐकलंत का? इकडे या आधी! मी नाजूकबिजूक काही नाही, बॅगच चुकली होती! दादानेच चुकीची दिली!"

भाऊजी हातात अर्धी इस्त्री केलेला शर्ट घेऊन दारात आले. तिने त्यांना सगळं भराभरा सांगितलं, चित्रंसुद्धा दाखवली, आणि तेवढ्यात लॅबमधल्या मैत्रिणीला फोन लावला. "अगं, पुढच्या वर्षी माझं नाव धर! धर म्हणते ना! ऐक तर खरं काय झालंय ते..." दादाने चूक कशी केली, ते ती अगदी आनंदाने सांगत होती. रागाचा लवलेश नव्हता. कॅप्टन खुर्चीत अंग चोरून बसला होता, पण आत कुठेतरी त्याला मोकळंही वाटू लागलं होतं. सुटलो, असं त्याच्या मनात आलं.

भाऊजी तसे कमी बोलणारे. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, दोन्ही बाजू बघितल्या आणि साधेपणाने विचारलं, "हे तुम्हाला कळलं कधी?"

विचारण्यात काही खोच नव्हती. "ह्याच आठवड्यात," असं म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि ते इस्त्रीकडे परत गेले असते. कॅप्टनने बहिणीकडे बघितलं. ती फोन कानाला लावून हसत होती, एक कान इकडे होता.

"ती निघायच्या आदल्या दिवशी," तो म्हणाला. "दुपारी चार वाजता."

बहिणीचं बोलणं वाक्याच्या मध्येच थांबलं. तिने फोन कानापासून खाली घेतला. पलीकडून मैत्रीण "हॅलो, हॅलो" करत होती, आणि ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"संध्याकाळी फोन केलास तू मला," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला.