लाल झालेली पट्टी

मित्रांनो, मी पत्र्याचा जुना डबा. आधी माझ्यात बिस्किटं होती. ती संपल्यावर या घरच्या आईने मला धुऊन माझ्यात हळद भरली. फोडणी देताना तिचा हात न बघता माझ्याकडे यायचा. डब्याला याहून मोठं कौतुक कोणतं?

थोरल्या लेकीला मात्र माझ्यात वेगळंच काही दिसलं. शाळेत शिकून आली आणि चमचाभर हळद पाण्यात कालवून तिने कागदाच्या पट्ट्या रंगवल्या, वाळवल्या. लिंबाचा रस, दही, व्हिनेगर लावलं, पट्टी पिवळीच राहिली. साबणाचं पाणी लावलं, तांबडी झाली. "हे आम्ल, हा आम्लारी," ती पुटपुटायची. मला फार अभिमान वाटायचा.

मग तिने ओट्यावरच्या पाण्याच्या बाटलीत पट्टी बुडवली. ती गडद लाल झाली.

"काका, हे पाणी नाही. पाण्याने पट्टी लाल होत नाही."

काकांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. "मोरी तुंबली होती, त्याचं औषध उरलंय. उद्या लागेल. हात लावू नकोस."

"मग बाटलीवर लिहा तरी."

"आता तू मला शिकवणार? वहिनी, हळदीची नासाडी बघा हिची."

आईने पट्ट्या केरात टाकल्या आणि माझं झाकण घट्ट लावलं.

संध्याकाळी बाबा आले. दिवसभर बस चालवून घसा कोरडा पडलेला. त्यांनी उभ्याउभ्याच बाटली तोंडाला लावली.

एकच घोट. ते वाचले, पण घसा आतून जळाला. आता गाळलेलं पातळ तेवढंच खाली उतरतं, आणि आवाज कुजबुजीएवढा उरलाय.

भेटायला येणाऱ्यांना काका सांगायचे, "पोरीने प्रयोगाच्या नादात बाटल्या इकडच्या तिकडे केल्या." आई ऐकायची आणि चहा ठेवायला उठायची.

एकदा बाबांनी लेकीला जवळ बसवलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कामावर होतात. घरात होते त्यांना सांगितलं."

काकांना मात्र बाबाही काही बोलले नाहीत. सख्खा भाऊ ना.

आता मी फडताळात, अगदी वर. माझ्या कडांना गंज चढलाय. लेक स्वयंपाकघरात येते ती पाण्यापुरती, आणि तेही आधी हुंगून पाहते.

मित्रांनो, असलं औषध पाण्याच्या बाटलीत भरू नका, हे कोणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. एखादं मूल पट्टी दाखवायला आलं, तर पट्टीकडे बघा. आणि नाहीच बघितलंत, तर निदान दोष तरी त्याच्या माथी मारू नका.