उजवे बूट

औंढ्याच्या नागनाथाला मी चाळीस वर्षं जातोय, पण माझी चप्पल एकदाही चोरीला गेली नाही. युक्ती साधी आहे. डावी चप्पल दरवाजापाशी काढायची आणि उजवी फुलवालीच्या टोपलीमागे सरकवायची. चोर कितीही हुशार असला तरी एका पायाची चप्पल नेऊन करणार काय? आमच्या सौभाग्यवती गंगूताई यावर हसतात. हसू देत, त्यांच्या तीन जोड्या गेल्या आहेत.

तहसीलमध्ये मी बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळलं. समोरचा माणूस गोड बोलायला लागला की मी आधी त्याच्या हातातला कागद बघायचो. निवृत्त होताना टेबल सोडलं, किल्ल्या दिल्या, पण ही सवय काही जमा करता आली नाही. त्यामुळे मुलाने, चिन्मयने, पुण्याहून फोन करून मनालीच्या वरच्या एका गावी, बर्फात, दोन दिवस चला म्हटलं तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, काहून? तो म्हणाला, जाईला आजी-आजोबा सोबत हवेत. सात वर्षांच्या नातीचं नाव पुढे केलं की माझं काही चालत नाही.

गाव देखणं होतं, हे मान्य करतो. लहान लेकरांसाठी वेगळा, कमी उताराचा बर्फ होता, वर चढायला धरून ठेवायची दोरी होती, बाजूला म्हाताऱ्यांना बसायला बाकडी होती. सगळं इतकं सोयीचं होतं की मला शंकाच यायला लागली. हॉटेलवाल्याने न मागता दुसऱ्यांदा चहा दिला तेव्हा तर माझी खात्रीच पटली की पुढे कुठेतरी खड्डा आहे.

तो मला दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. घसरायच्या पट्ट्या आणि बूट भाड्याने देणारं एक लाकडी दुकान होतं. आपले बूट तिथे काढायचे, त्यांचे घालायचे. आम्हा म्हाताऱ्या दोघांनाही बर्फात चालायला रबरी बूट घ्यावे लागले. म्हणजे आमच्या पाच जोड्या तिथे राहणार, आणि त्याला ना बिल्ला, ना पावती. सांभाळायला डोलमा नावाची एक बाई होती, चाळिशीची, लालबुंद गालांची. मी पावती मागितली तर ती हसून म्हणाली, इथून कोण नेणार बाबूजी? कोण नेणार असं विचारणारा माणूस मला कधीच आवडलेला नाही.

सगळे बाहेर पडल्यावर बंडीची गुंडी लावायच्या निमित्ताने मी मागे रेंगाळलो. पाचही उजवे बूट पिशवीत भरले आणि दुकानामागच्या लाकडांच्या ढिगावर ठेवून आलो. डावे फळीवर राहू दिले. मनातल्या मनात नागनाथाला हात जोडले.

चिन्मय, सूनबाई निता आणि जाई घसरायला गेले. जाई पडत होती, उठत होती, हात हलवत होती. मी हात हलवत होतो, पण माझी नजर दुकानाच्या दारावर होती. तासाभराने डोलमा उठली. फळीवरचे आमचे बूट तिने कवळ्यात घेतले, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"बघ," मी गंगूताईला म्हटलं.

"आवो, तुमी काहून त्या बाईच्या मागं लागून राहिले? इचारा की तिलाच."

चोराला कधी विचारतात का? मी सरळ चहाच्या टपरीवर बसलेल्या दुकानमालकाकडे गेलो आणि तुमची बाई आमचे बूट आत घेऊन गेली, असं सांगितलं. मालक उठला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी परत येऊन गंगूताईला बाकड्यावरून उठवलं, उतारावरून तिघांनाही बोलावलं. आम्ही दुकानात पोचलो तेव्हा आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. मधोमध लोखंडी शेगडी पेटलेली होती आणि तिच्याभोवती गावभरच्या पाहुण्यांचे बूट गोल मांडून ठेवले होते. इथली रीतच होती ती. बर्फातून आलेल्या माणसाला ओला बूट परत द्यायचा नाही. आमचे पाच डावे बूट तिथेच होते. उजवे कुठे आहेत म्हणून मालक डोलमाला विचारत होता आणि ती पुन्हापुन्हा सांगत होती की फळीवर एवढेच होते, मी सगळीकडे शोधलं. मागच्या महिन्यात एका पाहुण्याचे हातमोजे गेले होते म्हणे. मालक थंडपणे म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस.

तिच्या गालांचा रंग उतरला. जाईने आपला डावा बूट पायात घातला आणि म्हणाली, "आजोबा, गरम आहे."

मी कुणाला न सांगता मागच्या बाजूला गेलो. पिशवी गुपचूप आणून एखाद्या कोपऱ्यात टाकावी असा विचार होता. पण छपरावरचा बर्फ घसरून लाकडांच्या ढिगावर पडला होता. ढीगच दिसत नव्हता, तर पिशवी कुठली दिसणार? परत आलो तेव्हा माझे हात रिकामे होते.

जाई माझ्याकडे बघत होती. "आजोबा, तुमची एक चप्पल नेहमी फुलवालीकडे असते ना?"

दुकानात मराठी कळणारे आम्हीच होतो. निता खाली बघायला लागली. चिन्मय जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाबा, आता इथे काही बोलू नका. नवे घेऊ. संध्याकाळी निघायचंच आहे."

खरंच गप्प राहता आलं असतं. बत्तीस वर्षांत कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नव्हतं, आणि आता सुनेसमोर, नातीसमोर ते माझं मलाच दाखवायचं होतं. पण डोलमा कोपऱ्यात जाऊन आपली शाल आणि डबा गोळा करत होती.

"जूते मैंने छुपाए," मी म्हटलं. "इनका कसूर नहीं."

मालक आधी बघत राहिला, मग मोठ्याने हसला आणि डोलमाला डबा परत ठेव म्हणाला. चिन्मयने कपाळाला हात लावला. डोलमा हसली नाही. तिने फावडं उचललं, बाहेर गेली आणि बर्फ उपसायला लागली. मी फावडं मागितलं, तिने दिलं नाही. पिशवी निघाली तेव्हा बूट आतून बर्फाने भरले होते. ते तिने झटकले, शेगडीपाशी आणून डाव्यांच्या शेजारी एकेक लावले.

"आप देख रहे थे न, बाबूजी, जब मैं अंदर ले गई?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं. "पूछ लेते."

गंगूताईनेही हेच म्हटलं होतं. माझा उजवा बूट मी शेगडीजवळून तसाच ओला उचलला. थांबा, सुकू द्या, असं ती म्हणाली, पण मी थांबलो नाही. हॉटेलपर्यंतची वाट वीस मिनिटांची होती. जाईने माझा हात धरला होता. माझा डावा पाय शेवटपर्यंत उबदार होता आणि उजवा गारठून गेला होता.